नवोदितांचा ड्राफ्ट आणि करार संपलेल्यांचा ड्राफ्ट: रग्बी लीगमधली एक महागडी गल्लत

ऑस्ट्रेलियातल्या एनआरएलमध्ये, म्हणजे रग्बी लीगच्या व्यावसायिक स्पर्धेत, खेळाडूंचा ड्राफ्ट (क्लबांनी पाळीपाळीने खेळाडू निवडण्याची पद्धत) असावा का, हा वाद पुन्हा पुन्हा डोके वर काढतो आणि बहुतेक वेळा भरकटतो. कारण एक जण अकादमीतून नुकत्याच बाहेर पडलेल्या एकोणीस वर्षांच्या मुलाबद्दल बोलत असतो, तर दुसरा सहा हंगाम खेळून करार संपलेल्या सव्वीस वर्षांच्या प्रॉपबद्दल, म्हणजे पुढच्या रांगेतल्या धिप्पाड खेळाडूबद्दल. शब्द एकच, ड्राफ्ट. पद्धतही वरवर तीच: गुणतक्त्यात तळाशी राहिलेल्या क्लबची पाळी आधी, विजेत्याची शेवटी. (लिलाव वेगळा. तिथे किंमत बोलीने ठरते; ड्राफ्टमध्ये बोली नसते, फक्त पाळी असते.) पण पहिला ड्राफ्ट नीट आखता येतो. दुसरा कितीही बारकाईने आखला तरी कुठेतरी फाटतोच, आणि हे एकदा प्रत्यक्ष घडून गेले आहे.

१९९० मध्ये न्यू साउथ वेल्स रग्बी लीगने, म्हणजे तेव्हाची मुख्य स्पर्धा चालवणाऱ्या संस्थेने, मानधनाची मर्यादा, म्हणजे सॅलरी कॅप, आणली आणि तिच्या जोडीला ड्राफ्टही आणला. त्याचा अंतर्गत भाग करार संपलेल्या आणि क्लब बदलू पाहणाऱ्या खेळाडूंसाठी होता. साउथ सिडनीच्या तरुण टेरी हिलला वेस्टर्न सबर्ब्सला जायचे होते. ड्राफ्टने त्याला ईस्टर्न सबर्ब्सकडे पाठवले आणि १९९१ चा हंगाम तो तिथेच खेळला. दीडशेहून अधिक खेळाडू न्यायालयात गेले. एकल न्यायाधीशांसमोर ते हरले, पण १९९१ मध्ये फेडरल न्यायालयाच्या पूर्ण पीठाने निकाल फिरवला: हा अंतर्गत ड्राफ्ट म्हणजे खेळाडूच्या उपजीविकेवर घातलेले गरजेपेक्षा मोठे बंधन आहे, तो लागू करता येणार नाही. हिल पुढच्या हंगामात वेस्टर्न सबर्ब्सला गेला. सॅलरी कॅप मात्र टिकली.

हा निकाल आभाळातून पडला नव्हता. बाल्मेनच्या डेनिस टटीने १९६९ चा अख्खा हंगाम मैदानाबाहेर काढला होता, कारण करार नसतानाही क्लब त्याला सोडत नव्हता. १९७१ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या उच्चतम न्यायालयाने ती पद्धत मोडीत काढली. म्हणजे रग्बी लीगमध्ये ‘करार संपला की माणूस मोकळा’ हे तत्त्व खेळाडूंनी दोनदा लढून मिळवले आहे. आजचा एनआरएलचा नियम त्याच वाटेवरचा आहे: कराराचे शेवटचे वर्ष उरले की आधीच्या १ नोव्हेंबरपासून खेळाडू दुसऱ्या क्लबांशी उघड बोलणी करू शकतो. करार संपलेल्यांचा ड्राफ्ट नेमका हाच दरवाजा बंद करतो.

आता त्यातली यांत्रिक अडचण पाहू, कारण कायदा बाजूला ठेवला तरी ती उरते. अशा ड्राफ्टमध्ये किंमत कोणी ठरवायची? खेळाडूने ठरवली, तर तो नको असलेल्या क्लबांना परवडणार नाही असा आकडा किंवा मोठी मुदत लिहितो आणि मनातल्या क्लबच्या पाळीपर्यंत घसरत जातो. लीगने ठरवली, तर अनुभवी खेळाडूकडे वाटाघाटीला काहीच उरत नाही आणि न्यायालयाची वाट पुन्हा मोकळी होते. मधला मार्ग सापडत नाही.

ऑस्ट्रेलियन फुटबॉलच्या एएफएलमध्ये या प्रकाराचा मवाळ अवतार आहे: करार संपला आणि ट्रेड, म्हणजे क्लबांमधली अदलाबदल, जमला नाही, तर खेळाडू ड्राफ्टमध्ये नाव देऊ शकतो. २००९ मध्ये सेंट किल्डाच्या ल्यूक बॉलला कॉलिंगवूडला जायचे होते. ट्रेड फिसकटला, त्याने ड्राफ्टमध्ये नाव टाकले. एकोणतीस पिक, म्हणजे निवडीच्या पाळ्या, होऊन गेले, कोणी त्याला हात लावला नाही, आणि तिसाव्या पिकवर कॉलिंगवूडने त्याला घेतले. पुढच्याच वर्षी कॉलिंगवूडने अंतिम सामन्यात सेंट किल्डालाच हरवले. कागदावर तो ड्राफ्ट होता, व्यवहारात खेळाडूने निवडलेली बदली. एएफएलने २०१२ पासून दीर्घ सेवेच्या खेळाडूंना फ्री एजन्सी (करार संपल्यावर क्लब स्वतः निवडण्याची मुभा) दिली, म्हणजे हा दाब सोडायला झडप बसवली.

नवोदितांच्या ड्राफ्टमध्ये ही कोंडी सुटते, कारण तिथे मानधनाचे कोष्टक आधीच छापलेले असते. पहिल्या पिकला अमुक, दहाव्याला तमुक. मुदत दोन वर्षे आणि तिसरे वर्ष क्लबच्या मर्जीवर. आकडा ठरलेला असल्यामुळे एजंट तळाच्या क्लबला घाबरवू शकत नाही. आणि बंधन छोटे असते: दोन-तीन वर्षांनी तो मुलगा एकवीस-बावीसचा होऊन खुल्या बाजारात उभा राहतो. मुदत पाच वर्षांवर नेली की हा फरक पुसला जातो. रग्बी लीगमध्ये शरीरावर बसणारा मार पाहता फॉरवर्डची, म्हणजे प्रॉपसारख्या पुढच्या फळीतल्या खेळाडूची, उमेदीची वर्षे मोजकीच असतात. त्यातली पाच काढून घेणे म्हणजे मागच्या दाराने दुसराच ड्राफ्ट आणणे.

सतरा क्लबांच्या स्पर्धेत आराखडा साधारण असा बसतो. वय: त्या वर्षाच्या ३१ डिसेंबरला एकोणीस पूर्ण. एएफएल अठरा घेते, पण रग्बी लीगमध्ये, विशेषतः प्रॉप आणि दुसऱ्या रांगेतल्या खेळाडूंचे शरीर उशिरा भरते. अठराव्या वर्षी केलेली निवड म्हणजे निम्मा अंदाज. फेऱ्या तीन, म्हणजे एक्कावन्न पिक. मुख्य यादी तीस जणांची असताना एका क्लबला एका वर्षी तीनपेक्षा जास्त नवखे सांभाळता येत नाहीत. उरलेल्या मुलांना ड्राफ्टनंतर कोणत्याही क्लबशी सरावाचा करार करायची मोकळीक हवी. तिसऱ्या फेरीत निवडला न गेलेला मुलगा कधीकधी निवडल्या गेलेल्यापेक्षा सुखी असतो, कारण तो घराजवळचा क्लब निवडू शकतो.

फेऱ्यांचा क्रम सरळ ठेवावा, सापासारखा उलटसुलट नको. सरळ क्रमात तळाच्या क्लबला पहिला आणि अठरावा पिक मिळतो. साप-पद्धतीत त्याला पहिला आणि थेट चौतिसावा, तर विजेत्याला सतरावा आणि लगेच अठरावा. मित्रांच्या फॅन्टसी लीगमध्ये सगळे शून्यापासून सुरुवात करतात म्हणून साप-पद्धत तिथे शोभते. इथे हेतूच तळाला उचलण्याचा आहे.

पण पहिला पिक तळाला हमखास देऊ नये. एएफएलमध्ये मोजकेच सामने जिंकणाऱ्या क्लबला जादा पिक मिळायचा. सलग दोन हंगाम तसे गेले तर तो पहिल्या फेरीच्याही आधी. २००९ मध्ये चार सामने जिंकणाऱ्या मेलबर्नला त्यामुळे पहिला आणि दुसरा असे दोन्ही पिक मिळाले. पुढे चौकशी झाली. क्लबने मुद्दाम हरल्याचे सिद्ध झाले नाही, तरी २०१३ मध्ये त्याला पाच लाख डॉलरचा दंड झाला. एक जास्तीचा विजय क्लबला तोट्याचा ठरत असेल, तर दोष नियमाचा आहे.

उपाय सोडतीचा. अंतिम फेऱ्यांना न पोहोचलेल्या नऊ क्लबांमध्ये शंभर चिठ्ठ्या वाटायच्या: तळाच्या तिघांना प्रत्येकी १६, मग १३, १२, १०, ८, ६ आणि ३. तळाच्या तिघांचा वाटा सारखा असल्याने शेवटून तिसऱ्याने शेवटचा होण्यासाठी धडपडून पहिल्या पिकची शक्यता वाढत नाही. सोडत फक्त पहिल्या चार पिकसाठी काढायची, बाकीचे गुणतक्त्याच्या उलट क्रमाने. मग तळाच्या क्लबचे नशीब कितीही फुटके निघाले तरी तो पाचव्या पिकच्या खाली जात नाही. अमेरिकेतल्या बास्केटबॉलच्या एनबीएने २०१९ मध्ये अशाच तर्काने खालच्या तीन संघांची पहिल्या पिकची शक्यता प्रत्येकी १४ टक्के केली.

सगळ्यात नाजूक भाग अकादम्यांचा. सिडनीच्या पेनरिथ क्लबने २०२१ ते २०२४ अशी सलग चार विजेतेपदे मिळवली, त्यामागे पश्चिम सिडनीतल्या मुलांवर वर्षानुवर्षे केलेला खर्च आहे. वाढवलेला मुलगा एकोणिसाव्या वर्षी दुसऱ्याच्या पाळीत जाणार असेल, तर पेनरिथने सोळा वर्षांच्या मुलाच्या प्रशिक्षकावर पैसे का घालवावेत? अकादम्या आटल्या की काही वर्षांत निवडायला खेळाडूच उरत नाहीत. करार संपलेल्यांच्या ड्राफ्टमध्ये हा प्रश्न येत नाही. नवोदितांच्या ड्राफ्टचा जीव मात्र इथेच अडकलेला असतो.

एएफएलकडून उचलण्याजोगी गोष्ट म्हणजे बोली जुळवणे: दुसऱ्या क्लबने अकादमीतल्या मुलाचे नाव पुकारले, तर घरच्या क्लबने आपले पिक देऊन त्याला राखायचे. प्रत्येक पिकला गुण द्यायचे. समजा पाचव्या पिकचे ६०० गुण आहेत आणि पाचव्या क्लबने पेनरिथच्या मुलाचे नाव पुकारले. घरच्या क्लबला २० टक्के सूट, म्हणजे ४८० गुण भरायचे. पेनरिथकडे चौदावा पिक (३३० गुण) आणि एकतिसावा (१६०) असेल, तर दोन्ही देऊन ४९० होतात. मुलगा घरी राहतो आणि उरलेले १० गुण त्यांच्या पुढच्या पिकला जोडले जातात. हा हक्क वर्षाला दोनच मुलांपुरता, आणि मूल अकादमीत किमान तीन वर्षे असले तरच. ती अट नसेल तर श्रीमंत क्लब ड्राफ्टच्या आदल्या वर्षी दुसऱ्यांची मुले उचलून ‘आमची अकादमी’ म्हणतील. गुणांचे कोष्टक उतरत्या वळणाचे हवे. खालच्या पिकचे गुण फुगवले, तर चार भंगार पिक देऊन एक हिरा विकत घेता येतो.

ड्राफ्टमध्ये न्यूझीलंडमधल्या ऑकलंडच्या मुलाला ऑस्ट्रेलियातल्या टाउन्सव्हिलचा क्लब निवडू शकतो. समुद्र ओलांडून एकोणिसाव्या वर्षी जायचे, तर पहिल्या वर्षाचे राहणे आणि घरी जाण्या-येण्याची तिकिटे हा करारातला लिखित खर्च हवा, आणि तो सॅलरी कॅपच्या बाहेर. कॅपमध्ये धरला तर क्लब लांबची मुले टाळतील.

शेवटचा फरक कायदेशीर कागदाचा आहे. अमेरिकेतले ड्राफ्ट टिकतात ते प्रामुख्याने खेळाडू संघटनेशी झालेल्या सामूहिक करारामुळे. नवोदितांच्या ड्राफ्टलाही ती संमती हवीच. लीगने एकतर्फी जाहीर केला तर तोही १९९१ च्या वाटेने जाऊ शकतो. पण तिथे संमती मिळवण्यासारखा सौदा शक्य आहे: ड्राफ्टच्या बदल्यात नवोदितांचे किमान मानधन वाढवायचे, मुदत आखूड ठेवायची, आणि दोन वर्षे आधी जन्मतारखेची रेघ जाहीर करायची, म्हणजे क्लबांशी आधीच करार केलेली मुले मध्येच अडकणार नाहीत. सव्वीस वर्षांच्या प्रॉपकडे जाऊन ‘तुझा पुढचा क्लब आम्ही ठरवतो’ म्हणताना बदल्यात देण्यासारखे लीगकडे काही नसते.