चूडामणी विहाराची दानभूमी

तमिळनाडूतील नागपट्टिनम बंदरातल्या चूडामणी विहार या बौद्ध मठाला चोळ राजांनी तोडून दिलेली जमीन. मुख्य दान आनैमंगलम् या गावाचे असून ते राजराज पहिला (कारकीर्द ९८५–१०१४) याने आपल्या २१व्या राज्यवर्षात, म्हणजे १००६च्या सुमारास दिले. या दानाचा ताम्रपट, तो पुढे नेदरलँड्समधील लायडेनला गेल्यामुळे, ‘मोठा लायडेन ताम्रपट’ म्हणून ओळखला जातो.

विहार बांधला तो समुद्रापलीकडच्या राजाने. सुमात्रा आणि मलायाचा किनारा ताब्यात असलेल्या श्रीविजय राज्याचा, चोळ लेखांच्या भाषेत कडारमचा, राजा श्रीमारविजयोत्तुंगवर्मन याने वडील चूडामणिवर्मन यांच्या नावाने तो उभारला, असे ताम्रपटाचा संस्कृत भाग सांगतो. तमिळ भाग मात्र बांधकामाचे श्रेय थेट वडिलांना देतो. बापाने काम सुरू केले आणि मुलाने पुरे केले, असा सरळ अर्थ बहुतेक अभ्यासक लावतात. शैव राजाने बौद्ध मठाला गाव द्यावे यात त्या काळाला नवल वाटत नव्हते. चीनकडे जाणारी गलबते नागपट्टिनमला लागत आणि परदेशी व्यापाऱ्यांना तिथे आपले देवस्थान असावे, हे चोळांच्याही फायद्याचेच होते.

ताम्रपटाचे २१ पत्रे आहेत. त्यातले ५ संस्कृत आणि १६ तमिळ. संस्कृतात वंशावळ आणि स्तुती, तर तमिळमध्ये महसूल, हद्द, सवलती आणि सह्या. इतिहासाच्या पुस्तकांत संस्कृत श्लोकच जास्त उद्धृत होतात. दानाचा खरा व्यवहार मात्र तमिळ पत्र्यांत आहे. गावाची मोजलेली जमीन ९७ वेलींहून थोडी अधिक (एक वेली म्हणजे सुमारे साडेसहा एकर). तिच्यावरचा सारा (जमीन महसूल) ८,९४३ कलम (धान्याचे तमिळ माप) भात आणि वर काही किरकोळ मापे, इतका बारकाईने लिहिला आहे. राजाने विहाराला दिला तो मुख्यतः हा सारा. जमीन कसणारे कसतच राहिले, फक्त सरकारी कोठारात जाणारे भात आता मठाच्या कोठारात जाऊ लागले. बौद्ध आणि जैन देवस्थानांच्या अशा जमिनीला ‘पळ्ळिच्चंदम्’ म्हणत.

राजाने आज्ञा दिली म्हणजे काम झाले असे नव्हे. आज्ञा आधी दप्तरात चढे, मग अधिकारी गावात येत आणि आसपासच्या गावांच्या सभांचे लोक हद्दीवर हजर राहत. त्यांच्यादेखत एक हत्तीण गावाच्या शिवेवरून फिरवली जाई. ती जाईल त्या वाटेने दगड रोवायचे आणि ‘कळ्ळी’ म्हणजे निवडुंग लावायचा, असा प्रघात होता. दगड उपटून सरकवता येतो. निवडुंगाची रांग हलवायची तर गावभर बोभाटा होतो. हत्तिणीची फेरी हा नुसता थाट नव्हता. इतके मोठे जनावर शिवेवरून गेले की कोणाच्या बांधाला लागून गेले हे सगळ्या पंचक्रोशीच्या लक्षात राहते, आणि पुढे वाद निघालाच तर साक्षीदारांना तोटा नाही. त्यानंतर शेजारची शेते, बांध आणि कालवे यांच्या खुणांनी चारही दिशांची हद्द लिहून काढत. आनैमंगलम् च्या बाबतीत हा लेख २३व्या राज्यवर्षात पुरा झाला. आज्ञेनंतर दोनएक वर्षांनी.

हद्दीच्या आत काय चालेल याची यादीही वाचण्यासारखी आहे. भाजलेल्या विटांची माडी बांधावी, विहिरी खणाव्यात, नारळाच्या बागा कराव्यात, दवणा आणि मरवा लावावा, मोठा घाणा बसवावा. ताडी काढणाऱ्यांनी मात्र इथल्या माडांवर चढू नये, आणि बाहेरच्यांनी इथल्या कालव्याला फाटे फोडून पाणी नेऊ नये. एरवी या गोष्टींना परवानगी लागे, म्हणूनच त्या सवलत म्हणून नोंदवल्या आहेत.

राजराजाने दानाची आज्ञा तोंडी दिली होती. दान तांब्यावर कोरवले त्याचा मुलगा राजेंद्र पहिला याने, आणि पत्रे ओवलेल्या कडीवर मुद्राही राजेंद्राचीच आहे. याच राजेंद्राने १०२५च्या सुमारास श्रीविजयवर आरमारी स्वारी केली. तरीही विहाराची जमीन टिकलेली दिसते, कारण नंतरचा चोळ राजा कुलोत्तुंग पहिला याच्या २०व्या वर्षाचा (१०९०) ‘लहान लायडेन ताम्रपट’ कडारमच्या राजदूतांच्या विनंतीवरून विहाराच्या गावांना करमाफी देतो. त्यात खुद्द विहाराच्या आवाराची हद्दही आहे: पूर्वेला समुद्रकाठचे वाळूचे टेकाड, दक्षिणेला एक विहीर. वाळूचे टेकाड ही हद्दीची खूण म्हणून कच्चीच, पण किनाऱ्यावर दुसरे दाखवायचे तरी काय?

दोन्ही ताम्रपट डच ईस्ट इंडिया कंपनीच्या काळात युरोपात गेले आणि १८६२मध्ये लायडेन विद्यापीठाच्या संग्रहात दाखल झाले. नागपट्टिनममधला विटांचा जुना मनोरा, ज्याला युरोपीय लोक ‘चिनी पॅगोडा’ म्हणत, १८६७मध्ये पाडण्यात आला. त्या परिसरात १८५६पासून साडेतीनशेच्या आसपास बौद्ध धातुमूर्ती सापडल्या.