एक्स-रेच्या खोलीवर कोणाची नजर?

तारापूरच्या अणुभट्ट्यांवर नजर ठेवणारं सरकारी मंडळच मिरजेतल्या एक्स-रे मशीनलाही परवाना देतं, हे आपल्याकडे फार थोड्यांना ठाऊक असतं. अणुऊर्जा नियामक मंडळ, म्हणजे एईआरबी, १५ नोव्हेंबर १९८३ रोजी स्थापन झालं. मिरजेत मिशन हॉस्पिटल उभारणाऱ्या डॉ. वॉनलेस यांच्या काळापासून मिरज हे दवाखान्यांचं गाव. जतपासून पार कर्नाटकापर्यंतचे पेशंट इथे येतात. त्यामुळे आपला या मंडळाशी खरा संबंध येतो तो एक्स-रे आणि सीटी स्कॅनच्या खोलीत.

मशीन बंद झालं की किरण संपले. खोलीत मागे काही उरत नाही. चालू असताना मात्र ते पेशंटच्या अंगावरून चहूकडे विखुरतात. म्हणून भिंत नऊ इंची विटांची, दाराला शिशाचा पत्रा आणि बाहेर लाल दिवा. टेक्निशियनच्या छातीवरच्या बिल्ल्यातल्या चकत्या किरणांची ऊर्जा साठवून ठेवतात. प्रयोगशाळेत त्या तापवल्या की उजळतात, आणि त्या उजेडावरून त्याला किती डोस बसला ते कळतं. त्याची मर्यादा पाच वर्षांत मिळून १०० मिलिसिव्हर्ट (डोस मोजायचं एकक), आणि कुठल्याही एका वर्षात ३०. तुमच्या-माझ्यासाठी वर्षाला फक्त १.

पेशंटला मात्र अशी मर्यादाच नाही. तपासणीचा फायदा धोक्याहून मोठा आहे का, हे डॉक्टरांनी ठरवायचं असतं. छातीच्या एक्स-रेला साधारण ०.१ मिलिसिव्हर्ट किंवा त्याहूनही कमी डोस बसतो, पोटाच्या सीटीला ८-१०. म्हणून मागच्या महिन्यातला सीटी घरात असेल तर नव्या डॉक्टरांना आधी तो दाखवा. डॉक्टर बदलला म्हणून सीटी पुन्हा काढणं मला तरी पटत नाही.

नियम उत्तम आहेत, दुखणं अंमलबजावणीचं आहे. २०१२ साली सरकारी हिशेब तपासणाऱ्या ‘कॅग’ने दाखवून दिलं की देशातल्या ५७,४४३ वैद्यकीय एक्स-रे यंत्रणांपैकी ५२,१७३ नोंदणीविनाच चालू होत्या. हे वाचून संताप येतो. त्यानंतर परवान्याचं काम ‘ई-लोरा’ या ऑनलाइन यंत्रणेवर आलं, तरी गल्लीबोळातल्या प्रत्येक खोलीत निरीक्षक पोचणार कधी? तेव्हा परवाना आहे का, हे आपणच विचारावं. गरोदर असल्याची शंका असेल तर आधी सांगावं. लहान मुलाला धरायला आत थांबावंच लागलं, तर लेड एप्रन मागून घ्यावा. सोनोग्राफी आणि एमआरआयला या मंडळाचे किरणांचे नियम लागू नाहीत, कारण त्यांत हे किरण नसतातच.