हेनेस पास रोडवर गाडी न्यायची आहे? अर्ज नेमका कशाचा करायचा

कॅलिफोर्नियात टाहो राष्ट्रीय वनातल्या हेनेस पास रोडचा परवाना कुठे मिळतो, असं सारखं विचारलं जातं. असा परवानाच नाही. नंबरप्लेट, नोंदणी, विमा आणि लायसन्स चालू असलं की झालं. १८५९ला नेवाडातल्या चांदीचा बोभाटा झाला आणि माल लादलेल्या खेचरगाड्या टोल भरत याच वाटेने घाट चढू लागल्या. १८६८ला रेल्वेने सिएरा पर्वतरांग ओलांडली आणि वर्दळ आटली. खडी-मातीचा रस्ता मात्र बराचसा अजून आहे.

लोक अडकतात नकाशावर. २००५च्या नियमापासून वन खात्याचा 'मोटर व्हेइकल यूज मॅप' हाच शेवटचा शब्द. फुकट मिळतो, पण काळापांढरा आणि इतका रूक्ष की कुणी उघडत नाही. सगळे गूगलवर विसंबतात. या नकाशात जी वाट नाही ती बंद, मग तिथे फाटक असो वा नसो. 'पाटी कुठे होती?' हा बचाव चालत नाही.

कोणती वाट कधी खुली, हे सांगणारा नकाशासोबतचा तारखांचा तक्ताही नीट वाचा. अमेरिकेत महिना आधी येतो. ०५/०१ म्हणजे १ मे, ५ जानेवारी नव्हे! हा घोळ आपल्याच लोकांचा जास्त होतो. नकाशा घरूनच फोनमध्ये उतरवून घ्या, वर रेंजचा भरवसा नाही.

खरा अर्ज आहे तो कॅम्पफायर परमिटचा. ऑनलाइन, मोफत, वय १८ पूर्ण हवं. छोटा व्हिडिओ आणि दोन-चार प्रश्न. 'आम्ही शेकोटी करणारच नाही' म्हणून लोक तो टाळतात. अहो, कॅम्पग्राउंडबाहेर गॅसच्या शेगडीवर चहा ठेवायलाही तो लागतो. मुदत ३१ डिसेंबरपर्यंतच, मग तो नोव्हेंबरात काढलेला का असेना. वणव्याच्या दिवसांत बंदी लागली, तर परमिट असूनही शेकोटी पेटवता येत नाही. आग विझवायला फावडं सोबत असायलाच हवं.

गाडी भाड्याची असेल तर करारातलं बारीक अक्षर वाचा. बहुतेक कंपन्यांना कच्चा रस्ता मंजूर नसतो, आणि काच फुटली की बिल तुमच्याच नावावर.

राहता राहिलं लायसन्स. फिरायला आलेले आईबाबा भारतातल्या लायसन्सवर गाडी चालवू शकतात. नोकरीसाठी राहायला आलेल्यांनी मात्र रहिवासी झाल्यापासून १० दिवसांत कॅलिफोर्नियाचं काढायचं असतं. एवढ्या दिवसांत ते हातात पडतं कुणाच्या, हे तिथल्या मोटार वाहन खात्यालाच ठाऊक. तुम्ही अपॉइंटमेंट तेवढी लगेच घ्या.