मोड ६ की मोड ७? बीबीसी मायक्रोचे दोन पडदे

१९८४-८५ मध्ये क्लास या शाळांत संगणक शिकवण्याच्या सरकारी प्रकल्पातून भारतातल्या शाळांत आलेला बीबीसी मायक्रो हा संगणक आता इम्युलेटरवर, म्हणजे त्याची नक्कल करणाऱ्या प्रोग्रॅमवर, चालवता येतो. जळगाव-धुळ्याकडे तो पहिल्यांदा उघडणाऱ्यांचा घोळ हमखास इथे होतो: मोड ६ आणि मोड ७, पडद्याच्या दोन मांडण्या. दोन्हींत ४० अक्षरांच्या २५ ओळी, मग निवडायचा कोणता?

फरक आहे तो मेमरीत काय साठवलं जातं याचा. मोड ६ प्रत्येक ठिपका साठवतो, ३२० बाय २०० ठिपके. त्यामुळे मॉडेल बी या प्रकारच्या बीबीसी मायक्रोच्या ३२ केबी मेमरीतले ८ केबी पडदाच खातो. मोड ७ नुसते अक्षरांचे क्रमांक ठेवतो आणि आकार काढायचं काम एसएए ५०५० ही टेलिटेक्स्टची, म्हणजे टीव्हीवर मजकूर दाखवायच्या पद्धतीची, चिप करते. त्याचं एका केबीत भागतं.

म्हणून मराठी लिहायची तर या दोघांत मोड ६ ला पर्याय नाही. ‘ग’ हवा असेल तर पडद्याला हुकूम देणाऱ्या व्हीडीयू या आज्ञेने व्हीडीयू २३,२२४,२५५,३४,३४,३४,३४,९८,२,२ असं द्यायचं आणि मग व्हीडीयू २२४. २२४ नंतरचे आठ आकडे म्हणजे अक्षराच्या ठिपक्यांच्या आठ ओळी. त्यातला पहिला, २५५, म्हणजे आठही ठिपके पेटलेले, अर्थात शिरोरेघ. ती कडेपासून कडेपर्यंत जात असल्याने शेजारच्या अक्षराच्या रेघेला आपोआप जुळते. ‘जळगाव’ असं पाच चौकटींत छान बसतं, कारण वर मात्रा-वेलांटी काहीच नाही. ‘केळी’ लिहायला गेलात की शिरोरेघ दोन ठिपके खाली घ्यावी लागते आणि अक्षरं चेपतात. तरी ती वाचता येतात, आणि आपली लिपी त्या पडद्यावर उमटलेली बघण्यात फार आनंद आहे. मोड ७ मध्ये हे होतच नाही, कारण अक्षरं चिपमध्ये कायमची कोरलेली असतात.

रंगांचं मात्र उलट आहे. मोड ६ मध्ये एका वेळी दोनच रंग. ते व्हीडीयू १९ ने बदलता येतात, पण सगळा पडदा एकदम बदलतो. रावेरच्या केळीभावाचा रंगीत फलक इंग्रजी अक्षरांत करायचा तर मोड ७ घ्या. तिथे कलर ही आज्ञा चालत नाही. १२९ हा क्रमांक व्हीडीयूने छापला की पुढचा मजकूर लाल होतो. हा क्रमांक स्वतः एक जागा अडवतो आणि त्याचा परिणाम त्या ओळीपुरताच, पुढची ओळ पुन्हा पांढरी. दुप्पट उंचीसाठी १४१, आणि तीच ओळ खाली परत छापायची, नाहीतर अक्षरांचा वरचा अर्धाच भाग दिसतो.