मिक्सरच्या बुडाची पाटी आणि सोलापूरचं पाणी

घरातला मिक्सर एकदा उलटा करून बघा. बुडाशी चिकटवलेल्या पाटीवर व्होल्ट आणि वॅटच्या शेजारी बहुतेक वेळा '३० मिनिटे' असं छापलेलं असतं. त्याचा खुलासा सोबत आलेल्या पुस्तिकेत असतो: ५ मिनिटं चालवा, २ मिनिटं बंद ठेवा, अशा फेऱ्यांनी ३० मिनिटं, मग मोटर पूर्ण थंड होऊ द्या. पण पुस्तिका तोवर थर्माकोल आणि खोक्यासकट माळ्यावर गेलेली असते.

शेंगाचटणीसारखं काम असलं की या ३० मिनिटांचा अर्थ कळतो. भाजलेल्या दाण्यात निम्म्याच्या जवळपास तेल असतं. सलग फिरवलं की पात्याखालचे दाणे तेल सोडतात, त्यांचा लगदा भांड्याच्या तळाला धरतो आणि पातं त्यात रुततं. मिक्सरची मोटर फिरत असते तेव्हा ती स्वतःच विजेला उलटा विरोध करणारा दाब तयार करते. वेग जितका जास्त तितका हा विरोध जास्त आणि म्हणून प्रवाह आटोक्यात. पातं रुतलं, वेग पडला, की विरोधही पडतो आणि प्रवाह चढतो. प्रवाह दुप्पट झाला तर गुंडाळीत तयार होणारी उष्णता चौपट होते. त्यात वेग कमी म्हणजे मोटरच्याच दांड्यावरचा पंखाही हळू, म्हणजे थंडावा कमी. जळका वास येतो तो गुंडाळीच्या तारेवरच्या लाखेचा. लाख एकदा करपली की शेजारशेजारच्या तारा एकमेकींना टेकतात आणि पुढे रिवाइंडिंगशिवाय इलाज उरत नाही.

हे टाळायची सोय यंत्रातच आहे. बटण शून्याच्या डावीकडे फिरवलं की धरून ठेवेपर्यंतच मोटर चालते. दोन-तीन सेकंदांचे झटके द्या, मध्ये भांडं काढून हलवा, तळाचं वर येऊ द्या. चटणी कोरडी, रवाळ राहते आणि मोटरही वाचते. उखळात मुसळ वर उचललं जातं तेव्हा दाण्यांना जी उसंत मिळते, तीच ही. भांडं दोन तृतीयांशाच्या वर भरू नये, गरम पदार्थ घालू नये (वाफेने झाकण उडतं), हेही पुस्तिकेतच लिहिलेलं असतं. मिक्सर मध्येच बंद पडला तर बुडाशी लाल बटण असतं. ते दाबण्याआधी मुख्य बटण शून्यावर आणा आणि मोटर निवू द्या; नाहीतर लाल बटण दाबताच पातं फिरायला लागतं आणि हात तिथेच असतो.

पुस्तिका म्हणजे 'कसं वापरावं' एवढंच, असं आपण धरून चालतो. खरं तर ती यंत्राच्या हद्दींचा सातबारा आहे: किती वेळ, किती वजन, किती तापमान, पाण्याचा किती दाब, पाण्यात किती क्षार. यंत्र तयार करणाऱ्याने या हद्दीत ते चालतं हे तपासलेलं असतं, बाहेरचं नाही. आणि सोलापूरची पंचाईत अशी, की इथलं ऊन, बोअरचं पाणी आणि काही दिवसांआड येणारा नळ या तिन्ही गोष्टी बऱ्याच हद्दींच्या कडेवर बसलेल्या आहेत. शहराच्या पूर्वभागातला जॉबर (यंत्रमाग दुरुस्त करणारा) मागाचा नुसता आवाज ऐकून कुठे बिनसलंय ते सांगतो, पण घरच्या कूलरची पुस्तिका त्यानेही उघडलेली नसते.

कूलरचंच घ्या. एक लिटर पाण्याची वाफ होताना ते हवेतली सुमारे २,४०० किलोज्यूल उष्णता घेतं. एप्रिल-मेच्या कोरड्या दुपारी, बाहेर ४२ अंश आणि आर्द्रता २० टक्क्यांच्या आसपास असताना, चांगल्या ओल्या पॅडमधून येणारी हवा २७-२८ अंशांपर्यंत उतरू शकते. जुलैत ३० अंश आणि ७५ टक्के आर्द्रता असेल तर तोच कूलर जेमतेम तीन-एक अंश कमी करतो. त्यात काही बिघडलेलं नसतं. मेकॅनिकला बोलावून पैसे घालवू नका.

आता पुस्तिकेतलं सगळ्यात जास्त मोडलं जाणारं वाक्य: कूलर खिडकीत ठेवा आणि समोरची खिडकी किंवा दार थोडं उघडं ठेवा. झळा आणि धूळ आत येते म्हणून आपण सगळं बंद करून बसतो. मग तीच ओली हवा पुन्हा पॅडमधून जाते, खोलीतली आर्द्रता चढते, वाफ होणं मंदावतं आणि तासाभरात अंग चिकचिकायला लागतं. बर्फाचंही तसंच. एक किलो बर्फ वितळून खोलीच्या तापमानाला येईपर्यंत साधारण ४४० किलोज्यूल घेतो, म्हणजे एक लिटर पाण्याच्या वाफेने घेतलेल्या उष्णतेच्या पाचव्या हिश्श्याहूनही कमी. बर्फ आणण्यापेक्षा पॅड सगळीकडून सारखं भिजतंय का ते बघणं फायद्याचं. पंप आधी सुरू करून पाच-दहा मिनिटांनी पंखा लावा, म्हणतात ते याचसाठी.

पाण्याचा हिशेब मात्र नीट करायला हवा. वाफ होऊन जातं ते पाणी; क्षार मागे राहतात. बोअरच्या पाण्यात लिटरमागे एक ग्रॅम क्षार असतील आणि कूलर दिवसाला ४० लिटर पीत असेल, तर रोज ४० ग्रॅम, महिन्याला एक किलोच्या वर क्षार त्या टाकीत आणि पॅडवर साठतात. वरून नुसतं पाणी टाकत राहिलं की उरलेलं पाणी दिवसेंदिवस खारट होतं, पॅडवर पांढरी पुटं चढतात, भोकं बुजतात, पंपाचं पातं अडकतं. दोन-तीन दिवसांनी टाकी पूर्ण रिकामी करा, असं पुस्तिका सांगते. काही दिवसांआड पाणी येणाऱ्या गावात हे वाचून कपाळाला आठी पडणारच. ते पाणी संडासात किंवा फरशी धुवायला वापरा. कुंड्यांना घालू नका, क्षारांनी मुळं करपतात. शिवाय डेंग्यूच्या डासाला अंड्यापासून उडेपर्यंत आठ-दहा दिवस पुरतात, म्हणून आठवड्यातून एकदा टाकी घासून कोरडी करणं हे तसंही करायचंच काम आहे. टाकी रिकामी असताना पंप चालू राहू देऊ नका. तो पाण्यात बुडालेला असतो म्हणूनच थंड राहतो.

पत्र्याच्या कूलरबद्दल एक गोष्ट ठळक अक्षरात छापलेली असते, ती इथेही तशीच घ्या: पाणी भरण्याआधी प्लग काढा. नुसतं बटण बंद करून भागत नाही. जुन्या वायरिंगमध्ये कधीकधी बटण चुकून न्यूट्रलवर, म्हणजे वीज परत नेणाऱ्या तारेवर, बसवलेलं असतं. तेव्हा बटण बंद असूनही फेज, म्हणजे वीज आणणारी तार, कूलरपर्यंत जिवंतच असते. तीन पिनांचा प्लग, हिरव्या वायरचं चालू अर्थिंग आणि घराच्या बोर्डात ३० मिलिअँपिअरचं गळतीरोधक ब्रेकर, एवढं असेल तर ओल्या पत्र्याला हात लागला तरी जीव वाचायची शक्यता खूप वाढते. तिसरी पिन कापून दोन पिनांच्या सॉकेटमध्ये खुपसलेले कूलर बघितले की अंगावर काटा येतो.

वॉशिंग मशीनच्या पुस्तिकेत शेवटच्या पानांवर तांत्रिक तक्ता असतो, तो कोणी वाचत नाही. त्यात पाण्याच्या दाबाची एक ओळ असते. समजा, तिथे किमान ०.०५ मेगापास्कल लिहिलंय. म्हणजे नळाच्या वर पाच मीटर पाण्याचा स्तंभ हवा. एकमजली घराचा स्लॅब तीन मीटरवर, त्यावर एक मीटरच्या स्टँडवर टाकी, आणि मशीनचा नळ जमिनीपासून एक मीटरवर: हाती आले तीन मीटर, म्हणजे ०.०३. मशीन पाण्याची वाट बघत बसतं आणि पडद्यावर बिघाडाचा कोड दाखवतं. लोक म्हणतात मशीन खराब निघालं. काही मेकॅनिक यावर उपाय म्हणून पाइपच्या तोंडाची जाळी काढून टाकतात. दाब त्याने वाढत नाही. टाकीतली रेती मात्र थेट व्हॉल्व्हमध्ये जाते, व्हॉल्व्ह नीट मिटत नाही आणि मशीन बंद असताना ड्रममध्ये पाणी झिरपत राहतं. मशीन घरी आल्यावर उपाय दोनच: टाकी उंच करा किंवा छोटा प्रेशर पंप बसवा. विकत घ्यायच्या आधी ही ओळ वाचली, तर कमी दाबावर चालणारं मॉडेल निवडता येतं, हा तिसरा आणि सगळ्यात स्वस्त.

'७ किलो' हा आकडा कोरड्या सुती कपड्यांचा, तोही सुती कपड्यांच्या पूर्ण प्रोग्रामवर. झटपट प्रोग्रामला त्याच मशीनची हद्द बरीच कमी असते. आपल्याकडची चादर आणि टर्किश टॉवेल भरपूर पाणी पितात. एकटी जाड चादर टाकली तर पिळताना ती ड्रमच्या एका बाजूला गोळा होते, मशीन तोल सावरायचा प्रयत्न करतं, थांबतं, पुन्हा पाणी घेतं. सोबत दोन टॉवेल टाका, वजन वाटलं जातं. टॉवेलला फॅब्रिक कंडिशनर लावू नका. त्याचा मेणचट थर टॉवेलच्या फाशांवर बसतो आणि टॉवेल मऊ लागतो पण पाणी टिपत नाही. पावडरचं माप पाण्याच्या जडपणानुसार दिलेलं असतं. जड पाण्यातलं कॅल्शियम-मॅग्नेशियम साबणाचा काही भाग आधीच खाऊन टाकतं.

समोरून उघडणारं मशीन नवीन आलं की मागचे तीन-चार ट्रान्झिट बोल्ट काढले का, हे स्वतः डोळ्यांनी बघा. ड्रम आत स्प्रिंगांवर टांगलेला असतो, प्रवासात तो आपटू नये म्हणून बोल्टांनी जखडतात. ते तसेच राहिले तर पहिल्याच पिळणीला मशीन न्हाणीघरभर चालत सुटतं. काढलेले बोल्ट फेकू नका, घर बदलताना पुन्हा लागतात.

फ्रिजच्या पाटीवर एक हवामान वर्ग असतो. 'एन' म्हणजे ३२ अंशांपर्यंत, 'एसटी' ३८, 'टी' ४३. हे खोलीचं तापमान. मेमध्ये बाहेर पारा ४३-४४ ला टेकतो तेव्हा पत्र्याच्या छताखालचं स्वयंपाकघर कुठे असेल, याचा अंदाज करा. अशा खोलीत फ्रिज भिंतीला चिकटवून, शेजारी गॅस, वर कापड टाकून ठेवला तर कॉम्प्रेसर दिवसभर थांबतच नाही. मागे आणि बाजूंना किती जागा सोडायची, ते सेंटिमीटरमध्ये लिहिलेलं असतं.

विजेच्या गिझरच्या टाकीत मॅग्नेशियमची एक कांडी असते. टाकी गंजण्याऐवजी ती गंजते. ती संपली की गंज टाकीला लागतो. दर वर्षी उघडून बघावी असं पुस्तिका म्हणते. क्षारांच्या पाण्यात ती लवकर झिजते, तरी गळती सुरू होईपर्यंत ती आहे हेच बऱ्याच घरांत माहीत नसतं.

गॅस गिझरची गोष्ट मात्र पैशाची नाही, जिवाची आहे. तो बाथरूमच्या आत बसवू नये आणि जिथे बसवाल तिथे हवा खेळती हवी, असं त्याच्या पुस्तिकेत लिहिलेलं असतं. गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांतल्या, म्हणजे जानेवारीतल्या थंडीत खिडकी घट्ट लावून अंघोळ चालते. बंद खोलीतला प्राणवायू घटतो, ज्वलन अर्धवट होतं आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट धरतो. डोकं दुखणं, गरगरणं आणि पाय लटपटणं एवढ्याच खुणा. माणूस कडीपर्यंत पोचत नाही. ज्योत निळीऐवजी पिवळी दिसली, किंवा गिझरवर काजळी धरली, तर त्या दिवसापासून तो बंद.

अशा वाक्यांआधी येणारे शब्दही वाचायला शिकायला हवं. 'डेंजर' म्हणजे दुर्लक्ष केलं तर मृत्यू किंवा गंभीर इजा होणारच. 'वॉर्निंग' म्हणजे तसं होऊ शकतं. 'कॉशन' म्हणजे किरकोळ किंवा मध्यम इजा होऊ शकते. 'नोटीस' म्हणजे माणसाला नाही, वस्तूला धोका. मराठी छपाईत या सगळ्यांना सरसकट 'सावधान' करून टाकतात, म्हणून शंका आली तर इंग्रजी पान उघडून कुठला शब्द आहे ते बघा. एकात एक असे दोन चौकोन दिसले तर त्या उपकरणाला दुहेरी आवरण आहे, अर्थिंगची पिन नसली तरी चालते. ते चौकोन नसतील आणि पिनही नसेल, तर परत करा.

कायद्यातही या पुस्तिकेला वजन आहे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार योग्य वापराच्या पुरेशा सूचना किंवा चुकीच्या वापराबद्दल इशारा न दिल्यामुळे इजा झाली तर उत्पादक जबाबदार ठरतो. पण इजा झाली त्या वेळी वस्तूचा गैरवापर झालेला असेल किंवा तिच्यात फेरफार केलेला असेल, तर विकणाऱ्यावर दावा लावता येत नाही. कापलेली तिसरी पिन आणि काढून टाकलेली जाळी हे फेरफारच.

यंत्र घरी आलं की भिंतीला सरकवण्याआधी पाटीचा फोटो काढा. फ्रिजची पाटी बऱ्याचदा आत भाजीच्या कप्प्याजवळ, वॉशिंग मशीनची दाराच्या कडेला किंवा मागे असते. मॉडेल आणि सिरीयल नंबर तिथेच मिळतो, त्यावरून पुस्तिका नंतरही उतरवून घेता येते. कागदाची पुस्तिका यंत्रामागे खोचू नका; तिथे ओल येते, झुरळं लागतात. वॉरंटी कार्ड आणि बिल यांच्यासोबत एका फाइलीत ठेवा, आणि बिलाची झेरॉक्स काढून तीही लावा, कारण दुकानातली थर्मल कागदावरची छपाई इथल्या उन्हाळ्यात लवकर उडून जाते.