अमेरिकेतील कर्जमर्यादेचा पेच

अमेरिकेच्या संघ सरकारने एकूण किती कर्ज डोक्यावर घ्यायचे, याचा आकडा तिथली संसद, म्हणजे काँग्रेस, कायद्याने ठरवून देते. हीच कर्जमर्यादा. कर्ज या आकड्याला टेकले की तो वाढवण्यासाठी किंवा काही काळ स्थगित ठेवण्यासाठी प्रतिनिधिगृह आणि सिनेट या दोन्ही सभागृहांची मंजुरी आणि राष्ट्राध्यक्षांची सही लागते. ही मंजुरी अडवून धरायची, तिच्या बदल्यात मागण्या पुढे करायच्या आणि देणी थकण्याची वेळ येईपर्यंत ताणायचे, असा प्रकार अमेरिकेत पुन्हा पुन्हा घडला आहे. १९९५-९६, २०११, २०१३ आणि २०२३ चे पेच त्यांत विशेष गाजले.

या विषयात सर्वाधिक गैरसमज एकाच गोष्टीबद्दल होतो. मर्यादा वाढवली म्हणजे सरकारला नवा खर्च करायला मोकळीक मिळाली, असे अनेकांना वाटते. तसे नाही. खर्च किती करायचा आणि कर किती घ्यायचा, हे काँग्रेस वेगळ्या कायद्यांनी आधीच ठरवते. त्या दोन निर्णयांतूनच तूट तयार होते आणि ती भरून काढायला कर्ज काढावे लागते. मर्यादेचा प्रश्न येतो तो या सगळ्यानंतर. वाण्याकडून महिन्याचा किराणा उचलायचा, तो खाऊन संपवायचा आणि मग उधारी चुकती करायची की नाही यावर घरात मतदान घ्यायचे, असा हा प्रकार आहे. उधळपट्टीला लगाम म्हणून ही मर्यादा आजवर फारशी उपयोगी पडलेली नाही. सौदेबाजीचे हत्यार म्हणून मात्र ती भलतीच धारदार ठरली.

गंमत म्हणजे तिचा जन्म सरकारला सवलत देण्यासाठी झाला होता. पूर्वी प्रत्येक रोखेविक्रीला काँग्रेस स्वतंत्र परवानगी देत असे. पहिल्या महायुद्धात पैशांची निकड वाढली, तेव्हा १९१७ च्या दुसऱ्या लिबर्टी बाँड कायद्याने ठरावीक रकमेपर्यंत कर्ज उभारण्याची मुभा ट्रेझरीला, म्हणजे तिथल्या अर्थखात्याला, मिळाली. १९३९ मध्ये वेगवेगळ्या रोख्यांवरच्या मर्यादा एकत्र करून ४५ अब्ज डॉलरची एकच सरसकट मर्यादा घालण्यात आली. १९५३ मध्ये राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांनी ती वाढवून मागितली आणि सिनेटने अडवली. एरवी मर्यादा वाढवणे हा कित्येक दशके कुरकुरत पार पाडायचा उपचार होता. १९६० पासून २०२३ च्या पेचापर्यंत काँग्रेसने ती ७८ वेळा वाढवली, लांबवली किंवा तिची व्याख्या बदलली. यांतल्या ४९ वेळा राष्ट्राध्यक्ष रिपब्लिकन होते. विरोधात असताना नकार आणि सत्तेत आल्यावर आर्जव, हे दोन्ही पक्षांनी केले आहे. २००६ मध्ये मर्यादावाढीच्या विरोधात मत देणाऱ्या सिनेटरांत बराक ओबामा होते. पाच वर्षांनी राष्ट्राध्यक्ष म्हणून तीच वाढ मागताना आपले ते मत चुकले होते, असे त्यांनी जाहीरपणे मान्य केले.

मर्यादा गाठल्यावर काय होते

कर्ज मर्यादेला टेकले त्याच दिवशी देणी थकत नाहीत. ट्रेझरी सेक्रेटरी, म्हणजे तिथले अर्थमंत्री, काँग्रेसला पत्र लिहून ‘असाधारण उपाय’ सुरू केल्याचे कळवतात. हे उपाय समजून घेण्यासारखे आहेत, कारण पेचाचे महिनोन्‌महिने त्यांच्याच जोरावर निघतात.

मर्यादेखाली येणारे कर्ज दोन प्रकारचे असते. एक बाजारातल्या लोकांकडून घेतलेले. दुसरे सरकारच्याच निवृत्तिवेतन आणि विमा निधींकडून घेतलेले, कारण हे निधी आपली शिल्लक खास सरकारी रोख्यांत ठेवतात. संघ सरकारच्या कर्मचाऱ्यांच्या बचत योजनेत ‘जी फंड’ नावाचा एक भाग आहे. त्यातले रोखे रोज मुदत संपून रोज नव्याने काढले जातात. मर्यादा गाठली की ट्रेझरी ही फेरगुंतवणूक थांबवते. कर्मचाऱ्याच्या खात्यातली रक्कम कागदोपत्री तेवढीच राहते, पण सरकारच्या नावावरचे कर्ज तेवढ्याने कमी दिसते आणि तितक्याच रकमेचे नवे रोखे बाजारात विकता येतात. नागरी सेवा निवृत्तिवेतन निधीबाबतही असेच करता येते. पेच सुटला की थांबवलेली सगळी गुंतवणूक व्याजासह परत करण्याचे बंधन कायद्यातच आहे, त्यामुळे कोणाचे पेन्शन बुडत नाही.

हे उपाय आणि हातातली रोकड दोन्ही संपण्याच्या दिवसाला वॉशिंग्टनमध्ये ‘एक्स-डेट’ म्हणतात. ती आधी नेमकी सांगता येत नाही. एप्रिलमध्ये आयकर किती जमा होतो, यावर ती काही आठवडे पुढेमागे सरकते. त्या दिवसानंतर काय करायचे, हे कायद्यात कुठेच लिहिलेले नाही. आधी रोख्यांचे व्याज द्यावे आणि बाकीची देणी थांबवावीत, असे सुचवले जाते. पण ट्रेझरी महिन्याला कोट्यवधी देणी चुकवते आणि तिची यंत्रणा प्रत्येक देणे त्याच्या तारखेला भागवण्यासाठी उभारलेली आहे. कोणाचे आधी आणि कोणाचे मागून, हे निवडण्यासाठी नाही. आणि ती निवड करता आली तरी परदेशातल्या रोखेधारकाला व्याज पोहोचवून आपल्याच देशातल्या माजी सैनिकाचे पेन्शन अडवणारे सरकार मतदारांसमोर कोणत्या तोंडाने उभे राहील?

देणी खरोखर अडकल्याचे एक छोटे उदाहरण आहे. १९७९ च्या वसंतात मर्यादावाढ अगदी शेवटच्या क्षणी झाली. त्यातच किरकोळ गुंतवणूकदारांची गर्दी आणि कार्यालयातल्या यंत्रांचा बिघाड यांची भर पडली, आणि सुमारे १२ कोटी डॉलरच्या ट्रेझरी बिलांचे, म्हणजे अल्पमुदतीच्या सरकारी रोख्यांचे, पैसे लोकांना उशिरा मिळाले. पैसे बुडाले कोणाचेच नाहीत, पण प्रकरण कोर्टापर्यंत गेले.

१९९५ ते २०११

मर्यादेचा शस्त्रासारखा वापर खऱ्या अर्थाने सुरू झाला तो १९९५ मध्ये. प्रतिनिधिगृहाचे सभापती न्यूट गिंग्रिच यांना राष्ट्राध्यक्ष बिल क्लिंटन यांच्याकडून खर्चकपात मान्य करून घ्यायची होती. ट्रेझरी सेक्रेटरी रॉबर्ट रुबिन यांनी निवृत्तिवेतन निधीचा आधार घेऊन वेळ काढला, त्यावरून रिपब्लिकनांचा संताप झाला. त्याच हिवाळ्यात अर्थसंकल्पी मंजुरीअभावी सरकारी कामकाजही दोनदा ठप्प झाले, दुसऱ्यांदा २१ दिवस. जनमत गिंग्रिच यांच्यावर उलटले आणि मार्च १९९६ मध्ये मर्यादा वाढली. (कामकाज ठप्प होणे आणि कर्जमर्यादा या वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीत नव्या खर्चाची मंजुरी नसते. दुसरीत मंजूर झालेल्या खर्चाचे पैसे नसतात. दुसरी कितीतरी घातक.)

२०११ चा पेच या सगळ्यांत गंभीर. आदल्या वर्षीच्या निवडणुकीत सरकारी खर्च आणि करांना विरोध करणाऱ्या टी पार्टी चळवळीच्या लाटेवर रिपब्लिकनांनी प्रतिनिधिगृह जिंकले होते, आणि नव्याने निवडून आलेल्यांपैकी अनेकांनी मर्यादा वाढू न देण्याचे वचन मतदारांना दिले होते. १६ मे रोजी कर्ज सुमारे १४.३ लाख कोटी डॉलरच्या मर्यादेला टेकले. ट्रेझरी सेक्रेटरी टिमोथी गाइटनर यांनी २ ऑगस्ट ही एक्स-डेट जाहीर केली. जेवढी मर्यादा वाढेल तेवढी खर्चकपात हवी, अशी सभापती जॉन बेनर यांची अट होती. ओबामा आणि बेनर यांच्यात करवाढ आणि कपात एकत्र बांधणाऱ्या मोठ्या तडजोडीची बोलणी झाली. ती यशस्वी झाली असती तर अमेरिकेच्या वित्तकारणाला वेगळे वळण मिळाले असते. पण २२ जुलैला बेनर बोलण्यांतून बाहेर पडले आणि उरले फक्त दहा-अकरा दिवस.

शेवटी अर्थसंकल्प नियंत्रण कायद्यावर तोडगा निघाला. १ ऑगस्टला प्रतिनिधिगृहात तो २६९ विरुद्ध १६१ मतांनी मंजूर झाला. जानेवारीत डोक्यात गोळी लागून मरणाच्या दारातून परतलेल्या डेमोक्रॅट सदस्य गॅब्रिएल गिफर्ड्स त्या मतदानासाठी सभागृहात आल्या, तेव्हा दोन्ही बाजूंचे सदस्य उभे राहिले. त्या उन्हाळ्यात दोन्ही पक्ष एकत्र उभे राहिल्याचे असे प्रसंग फार थोडे. सिनेटची मंजुरी आणि ओबामांची सही २ ऑगस्टलाच झाली. पुढची कपात सुचवायला बारा सदस्यांची समिती नेमली. तिचे एकमत झाले नाही आणि सरसकट कुऱ्हाड चालवणारी आपोआप कपात लागू झाली.

एकही देणे थकले नव्हते, तरी किंमत मोजावी लागली. ५ ऑगस्टला शुक्रवारी संध्याकाळी स्टँडर्ड अँड पूअर्स या संस्थेने अमेरिकेचे पतमानांकन, म्हणजे कर्जफेडीच्या भरवशाचा दर्जा, इतिहासात प्रथमच सर्वोच्च ‘एएए’वरून ‘एए प्लस’वर आणले. संस्थेच्या हिशेबात दोन लाख कोटी डॉलरची चूक असल्याचे ट्रेझरीने दाखवून दिले, पण संस्थेचा मुख्य मुद्दा आकड्यांचा नव्हताच. ऐन वेळी निर्णय घेण्याची राजकीय कुवत या देशात उरली आहे का, हा होता. सोमवारी डाऊ जोन्स निर्देशांक ६३४ अंकांनी कोसळला. घाबरलेला पैसा मात्र पळून गेला तो अमेरिकी सरकारी रोख्यांकडेच, कारण जगात त्याहून सुरक्षित जागा कोणाला दिसेना. त्या एका वर्षात सरकारला व्याजापोटी सुमारे १.३ अब्ज डॉलर जादा मोजावे लागले, असा अंदाज काँग्रेसच्याच लेखापरीक्षण कार्यालयाने काढला. काटकसरीच्या नावाने झालेल्या भांडणाचा हा खर्च.

२०१३ च्या ऑक्टोबरात ओबामांच्या आरोग्यविमा कायद्यावरून पुन्हा तसाच प्रसंग आला. कामकाज १६ दिवस बंद राहिले, पण या वेळी ओबामांनी मर्यादेवर वाटाघाटच करायला नकार दिला आणि रिपब्लिकनांना जवळजवळ रिकाम्या हाताने परतावे लागले.

२०२३

जानेवारी २०२३ मध्ये केव्हिन मॅकार्थी पंधराव्या फेरीत कसेबसे सभापती झाले. त्यासाठी त्यांनी मान्य केलेली एक अट पुढे महागात पडली: सभापतींना हटवण्याचा ठराव एकटा सदस्यही मांडू शकेल. १९ जानेवारीला कर्ज ३१.४ लाख कोटी डॉलरच्या मर्यादेला पोहोचले. एप्रिलच्या अखेरीस प्रतिनिधिगृहाने मोठ्या कपातीला बांधलेले मर्यादावाढीचे विधेयक २१७ विरुद्ध २१५ असे निसटते मंजूर केले. मर्यादेवर सौदा नाही, ही राष्ट्राध्यक्ष जो बायडेन यांची भूमिका त्यानंतर टिकू शकली नाही.

ट्रेझरी सेक्रेटरी जॅनेट येलन यांनी आधी १ जून आणि मग २६ मेच्या पत्रात ५ जून ही एक्स-डेट दिली. त्या पत्रातला एक तपशील पेचाचे खरे रूप दाखवतो. जूनच्या पहिल्या दोन दिवसांत १३० अब्ज डॉलरहून अधिक देणी ठरलेली होती आणि त्यांत माजी सैनिक, वृद्धांचे निवृत्तिवेतन आणि वैद्यकीय विमा यांचा समावेश होता. बाजारातही भीती दिसत होती. जूनच्या सुरुवातीला मुदत संपणाऱ्या काही ट्रेझरी बिलांवरचा परतावा सात टक्क्यांच्या वर गेला. जगातल्या सर्वांत सुरक्षित मानल्या जाणाऱ्या कागदाची ही अवस्था. १ जूनला ट्रेझरीच्या खात्यात जेमतेम २३ अब्ज डॉलर उरले होते.

तडजोडीचे विधेयक ३१ मे रोजी प्रतिनिधिगृहात ३१४ विरुद्ध ११७ मतांनी मंजूर झाले. सभापती रिपब्लिकन असूनही बाजूने पडलेल्या मतांत डेमोक्रॅट जास्त होते. ३ जूनला बायडेन यांनी सही केली. मर्यादा १ जानेवारी २०२५ पर्यंत स्थगित झाली. बदल्यात काही खर्चांवर मर्यादा आल्या, अन्नसाहाय्य घेणाऱ्यांसाठी कामाची अट ५४ वर्षे वयापर्यंत वाढली आणि कोविडसाठीचा न वापरलेला निधी परत घेण्यात आला. ऑगस्टमध्ये फिच या पतमानांकन संस्थेनेही अमेरिकेचे मानांकन उतरवले. ताणून धरून ऐन वेळी सोडवण्याची सवय हे तिने दिलेल्या कारणांपैकी एक. ३ ऑक्टोबरला मॅकार्थी यांना त्यांच्याच पक्षाच्या आठ सदस्यांनी डेमोक्रॅटांच्या मतांच्या साथीने पदावरून घालवले.

डिसेंबर २०२४ मध्ये नियोजित राष्ट्राध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांनी ही मर्यादाच रद्द करावी, असे सुचवले. ती दोन वर्षे स्थगित ठेवणारे विधेयक त्यांच्याच पक्षाच्या ३८ सदस्यांनी विरोधात मत दिल्याने पडले. जुलै २०२५ मध्ये एकाच पक्षाच्या बळावर ती ५ लाख कोटींनी वाढवून ४१.१ लाख कोटी डॉलर करण्यात आली.

पळवाटा आणि पर्याय

राज्यघटनेच्या चौदाव्या दुरुस्तीच्या चौथ्या कलमानुसार सार्वजनिक कर्जाच्या वैधतेवर प्रश्न उपस्थित करता येत नाही. यादवी युद्धानंतर आलेल्या या कलमाचा आधार घेऊन राष्ट्राध्यक्षांनी मर्यादा धुडकावावी, असे काही घटनातज्ज्ञ म्हणतात. कोणत्याही राष्ट्राध्यक्षाने तो धोका पत्करलेला नाही. कर्ज न काढता सरकारी खात्यात पैसे आणण्यासाठी एक लाख कोटी डॉलरचे प्लॅटिनमचे नाणे पाडण्याची कल्पना २०१३ मध्ये ट्रेझरीने फेटाळली. साधा उपाय ऑस्ट्रेलियाने केला: तिथे २००७-०८ च्या सुमारास आलेली मर्यादा डिसेंबर २०१३ मध्ये सरळ रद्द झाली. डेन्मार्कमध्ये मर्यादा आहे, पण ती इतकी उंच ठेवतात की तिच्यावर राजकारण होत नाही.

भारताच्या संविधानात कलम २९२ नुसार केंद्राच्या कर्जावर संसद कायद्याने मर्यादा घालू शकते. ऑगस्ट १९४९ मध्ये संविधान सभेत या तरतुदीवर बोलताना डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी संसद असे कायदे करत राहील अशी नुसती आशाच नव्हे तर अपेक्षा व्यक्त केली. तिने ते केले नाहीत तर दोष संसदेचा असेल, असेही ते म्हणाले. प्रत्यक्षात अमेरिकेसारखा ठोक आकडा भारताने कधी स्वीकारला नाही. २००३ चा वित्तीय उत्तरदायित्व आणि अर्थसंकल्प व्यवस्थापन कायदा तूट आणि कर्ज यांची उद्दिष्टे ठरवतो, पण ती चुकली म्हणून देणी थांबत नाहीत. इथला तंटा आहे तो राज्यांच्या कर्जावर. केंद्राचे कर्ज डोक्यावर असलेल्या राज्याला नवे कर्ज काढायला कलम २९३ खाली केंद्राची संमती लागते, आणि ती महाराष्ट्रालाही दरवर्षी घ्यावी लागते. केंद्राने घातलेल्या मर्यादेविरुद्ध केरळने सर्वोच्च न्यायालयात दावा लावला. १ एप्रिल २०२४ रोजी न्यायालयाने अंतरिम दिलासा नाकारला आणि प्रश्न घटनापीठाकडे सोपवला.