जनुक-संपादित मानवी मूलपेशी आणि चेतापेशींचा विकास

जिच्यापासून शरीरातली जवळजवळ कोणतीही पेशी घडू शकते, अशा मानवी मूलपेशीच्या डीएनएमध्ये ठरवून एक बदल करायचा, तिच्यापासून प्रयोगशाळेत चेतापेशी वाढवायच्या आणि बदल न केलेल्या पेशींपासून वाढवलेल्या चेतापेशींशी त्या ताडून पाहायच्या, अशी ही संशोधनपद्धती आहे. गर्भातला मानवी मेंदू घडत असताना त्यावर प्रयोग करता येत नाहीत. उंदरावर ते करता येतात, पण उंदराच्या मेंदूच्या बाह्यकात, म्हणजे बाहेरच्या थरात, चेतापेशी तयार होण्याचे काम साधारण आठवड्यात उरकते, तर माणसात ते काही महिने चालते.

जेम्स थॉमसन यांनी 1998 मध्ये मानवी भ्रूणापासून मूलपेशी वेगळ्या केल्या. शिन्या यामानाका यांच्या गटाने 2007 मध्ये प्रौढ माणसाच्या त्वचेतील पेशींपासून तशाच क्षमतेच्या पेशी तयार केल्या; त्यांना आयपीएस पेशी म्हणतात. क्रिस्पर-कॅस ९ हे जनुक कापण्याचे साधन 2012 मध्ये पुढे आले आणि वर्षभरात मानवी पेशींतही चालले.

या संपादनाचे खरे मोल तुलनेत आहे. त्यापूर्वी रुग्णाच्या पेशी एखाद्या निरोगी व्यक्तीच्या पेशींशी ताडून पाहत. परंतु कोणत्याही दोन माणसांच्या डीएनएत लाखो ठिकाणी फरक असतो. चेतापेशींत दिसलेला फरक नेमका कशामुळे, हे सांगणे कठीण होई. आता रुग्णाच्या पेशीतला दोष दुरुस्त करतात किंवा निरोगी पेशीत तो मुद्दाम घालतात. अशा जोडीत अभ्यासायचा बदल सोडल्यास बाकी वारसा सारखाच राहतो.

मूलपेशीची चेतापेशी करण्याचे दोन मार्ग रूढ आहेत. लोरेन्झ स्टुडर यांच्या गटाने 2009 मध्ये दाखवले, की पेशीतले दोन ठरावीक संदेशमार्ग (संदेश पोहोचवणाऱ्या रेणूंच्या साखळ्या) रोखले की मूलपेशी मेंदूच्या पूर्वज पेशींकडे, म्हणजे विभाजन होत पुढे चेतापेशी देणाऱ्या पेशींकडे, वळते. दुसऱ्या मार्गात पेशीला चेतापेशी बनवणारे एनजीएन२ हे जनुक चालू करून दोनेक आठवड्यांत थेट चेतापेशी मिळवतात. हा मार्ग झटपट आहे, पण त्यात पूर्वज पेशींचे टप्पे बहुतांशी गळतात; त्यामुळे विकासक्रमाच्या अभ्यासाला पहिलाच मार्ग योग्य. मॅडेलिन लँकेस्टर आणि युर्गेन क्नोब्लिख यांनी 2013 मध्ये व्हिएन्नात मूलपेशींपासून मेंदूच्या ऊतीसारखे त्रिमितीय गोळे वाढवले. त्यांना मेंदूचे ऑर्गनॉइड म्हणतात.

या पद्धतीचे सामर्थ्य नॉच२एनएल जनुकांच्या अभ्यासात सर्वांत स्पष्ट दिसते. ही जनुके नॉच२ या जुन्या जनुकाच्या अर्धवट प्रतींपासून उत्क्रांत झाली. उंदरात ती नाहीतच. चिंपांझीत आहेत, पण निकामी. म्हणजे त्यांचे काम पाहायला मानवी पेशीच हवी. 2018 मध्ये कॅलिफोर्नियातील सांताक्रूझ विद्यापीठाच्या गटाने मानवी भ्रूणीय मूलपेशींतून ती काढून टाकली. त्यांपासून वाढलेले ऑर्गनॉइड किंचित लहान राहिले आणि त्यांतल्या पूर्वज पेशी वेळेआधीच चेतापेशी बनू लागल्या. यावरून या जनुकांचे काम पूर्वज पेशींना जास्त काळ विभाजन करत ठेवण्याचे असावे, असे दिसते. त्यातून पुढे चेतापेशींची संख्या वाढते. गुणसूत्र १ वरील ज्या पट्ट्यात ही जनुके आहेत, तो गळाला तर काही मुलांचे डोके लहान राहते आणि दुप्पट झाला तर मोठे होते. हे निरीक्षण आधीपासून होते. आता त्यामागचे एक संभाव्य कारण हाती आले. लाखो वर्षांच्या उत्क्रांतीचा धागा रुग्णालयातल्या मुलापर्यंत असा पोहोचावा, हे विलक्षण आहे.

मर्यादाही ठळक आहेत. डीएनए कापला गेला की मूलपेशींतले पी५३ हे डीएनएची राखण करणारे प्रथिन जागे होते आणि अनेक पेशी मरतात. ज्या तगतात त्यांच्यात पी५३ बिघडलेल्या पेशींचे प्रमाण वाढू शकते. म्हणून संपादित पेशींच्या अनेक स्वतंत्र वसाहती (एकेका पेशीपासून वाढलेले समूह) तपासाव्या लागतात. ऑर्गनॉइडला रक्तवाहिन्या नसल्याने मोठ्या गोळ्याचा गाभा मरतो. शिवाय चेतापेशी अनेक महिन्यांनंतरही अपरिपक्वच असतात.

भारतात बंगळुरूमधील निम्हान्स ही मानसिक आरोग्य संस्था आणि एनसीबीएस व इनस्टेम या जीवविज्ञान संशोधन संस्था यांनी मानसिक आजार असलेल्या कुटुंबांतील व्यक्तींच्या आयपीएस पेशी तयार करून त्यांपासून चेतापेशी वाढवण्याचा संयुक्त कार्यक्रम हाती घेतला आहे.